पाकट माशाचा दंश : प्रतिबंध व प्रथमोपचार

सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन करताना अनेक भाविकांना पाकट, म्हणजेच स्टिंग रे माशाचा दंश झाला. हा धोका विसर्जनापुरता मर्यादित नाही. रापण ओढणारे, पाग टाकणारे व ओहोटीच्या वेळी शिंपल्या वेचणारे यांनाही तो संभवतो. म्हणून किनारी भागातील विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

दंश का होतो?
पाकट उथळ पाण्यात वाळूखाली अंग झाकून पडून राहतो. त्याच्या शेपटीवर करवतीसारखे उलट दाते असलेला काटा असतो. काट्यावरील त्वचेच्या आवरणात विषारी ऊती असतात. मधमाशीची नांगी हा अंडी घालण्याच्या अवयवाचा बदललेला प्रकार, तर पाकटाचा काटा हे खवल्याचे रूपांतर. कार्य मात्र एकच, स्वसंरक्षण. पाकट माणसाचा पाठलाग करीत नाही. पाठीवर पाय पडला की तो शेपूट उसळवतो आणि काटा बहुधा पावलात वा घोट्यात घुसतो.

प्रतिबंध
• पाऊल उचलून टाकू नये. तळव्याने वाळू घासत, सावकाश सरकत चालावे. कंपने जाणवताच पाकट दूर निघून जातो.
• गढूळ पाण्यात पुढील वाळू काठीने चाचपावी.
• गमबूट वापरावेत. तथापि काटा रबर भेदू शकतो, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये.
• जाळ्यातील पाकट, मेलेला असला तरी, शेपटीकडून हाताळू नये.

प्रथमोपचार
रुग्णास पाण्याबाहेर आणून जखम धुवावी व रक्तस्राव दाबून थांबवावा. जखमी भाग सोसवेल इतक्या गरम, परंतु ४५ अंश सेल्सिअसहून अधिक नसलेल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. त्याने वेदना शमतात. वेदनेमुळे रुग्णास उष्णतेचा अंदाज येत नाही, म्हणून पाणी सोबत्याने आपल्या हाताने पाहावे. जखम चिरणे, चोखणे वा वर आवळून दोरी बांधणे टाळावे. छाती, पोट वा मानेत रुतलेला काटा उपसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वेदना थांबली तरी डॉक्टरांकडे जावेच. काट्याचा तुकडा आत राहिल्यास जखम चिघळते. धनुर्वाताची लसही आवश्यक ठरू शकते.