गुंडाळीत न मावणारी भिंत

नाशिकहून सावळघाट ओलांडला की रस्ता पेठमार्गे गुजरातच्या सरहद्दीकडे जातो. भात, नागली आणि वरई पिकवणारा हा डोंगराळ, धो धो पावसाचा तालुका. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची. जुनी घरं कुडाची: कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप. पावसाने लेप सुटतो, मग उघाडीनंतर भिंती पुन्हा लिंपायच्या, सारवायच्या. अशा भिंतीवरची सजावट कायमची राहावी अशी कोणाची अपेक्षाच नसते. वस्त्ररचनेच्या विद्यार्थ्याने या मुलखातून प्रेरणा घेऊन हातछपाईचा वॉलपेपर करायचा म्हटलं, तर खरी अडचण इथूनच सुरू होते.

वॉलपेपर हा विषय वस्त्ररचनेला परका नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८६२ साली पहिला वॉलपेपर आखला. पुढे एकाच टेबलावर तो भिंतीचे कागद आणि पडद्यांची कापडं दोन्ही आखत असे. त्याचे कागद लाकडी ठशांनी, एका रंगाला एक ठसा असे छापले जात. युरोपातल्या ‘फ्लॉक’ कागदावर चिकट नक्षी छापून तिच्यावर लोकरीचा भुगा पेरत. आपल्याकडची खडीची चंद्रकळा जवळपास त्याच युक्तीने सजते: ठशाने चिकट खळ उमटवायची आणि त्यावर चमकदार पूड धरायची. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तिथल्या देवीच्या चित्रांना जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे लावून घरोघर नटवलं गेलं. छापील कागद सजवण्याची हौस आपल्याला जुनीच आहे. कागदही इथलाच मिळतो. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी सुरू केलेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होत आला आहे.

स्क्रीनने छापण्याचं प्रत्यक्ष काम मात्र कापडाहून निराळं. कापड टेबलावर ताणून बसवता येतं. कागद पाण्याच्या रंगाने फुगतो, वाळताना आकसतो आणि दुसऱ्या रंगाची स्क्रीन पहिल्यावर नेमकी बसत नाही. म्हणून रंग घट्ट ठेवायचा आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा. भरतकाम करायचं तर कागदामागे मलमल चिकटवावी लागते. नाहीतर सुईची भोकं जवळजवळ आली की कागद तिकिटासारखा फाटतो. टिकल्या आणि आरसे शेवटी, कारण त्यांच्यावरून रंग ओढणारी स्क्वीजी फिरत नाही. ‘हाफ ड्रॉप’ रचनेत शेजारच्या पट्टीवरची नक्षी अर्ध्या मापाने खाली सरकते. त्यामुळे सांधा डोळ्यांत भरत नाही.

आता नक्षी कोणती? बहुतेकांचा हात आधी वारली आकृत्यांकडे जातो. या चित्रांचा बोलबाला डहाणू-तलासरी भागातून झाला, आणि त्यामागेही वस्त्राशी नातं असलेला माणूस होता. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम केलेले भास्कर कुलकर्णी सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर पोचले आणि त्यांनी तिथल्या चित्रकारांच्या हाती कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागद येण्याआधी हे चित्र लिहिण्याचं काम प्रामुख्याने सवाशिणींचं होतं: लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, आत पालघट देवी, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणत विधी चालवायचा.

हा चौक गुंडाळीवर छापला तर काय होईल, याचा हिशोब सोपा आहे. वॉलपेपरची प्रचलित गुंडाळी ५३ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १० मीटर लांब असते. ५३ सेंटिमीटरचा चौकोनी चौक उभ्या ओळीत छापला, तर एका गुंडाळीत पालघट सुमारे १९ वेळा येईल. लग्नघरात एका प्रसंगी एकदाच लिहिली जाणारी देवी हॉटेलच्या बोळात ओळीने उभी राहील. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन राखतं ते मुख्यतः नाव. आकृतीची नक्कल त्याने थांबत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चौक आणि देवी छपाईतून वगळाव्यात. पेठच्या भिंतीतून घ्यायचं ते सारवणाच्या हाताचे अर्धगोल फटकारे, कुडातल्या काठ्यांची उभी लय, गेरू आणि पिठाचा रंगमेळ. ते कितीही वेळा आले तरी कोणाचा विधी मोडत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीला खळीने कागद चिकटवण्याऐवजी कापडाच्या अस्तरावर सुटे, टांगायचे फलक करावेत. माणसांची, झाडांची चित्रं हवीच असतील तर ती वारली चित्रकाराकडूनच, योग्य मोबदला देऊन, प्रत्येक फलकावर नव्याने काढून घ्यावीत. गिरणीच्या कापडाच्या किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असतं. तसं या फलकाच्या किनारीवर चित्र काढणाऱ्या बाईचं आणि तिच्या पाड्याचं नाव छापा, आणि महाविद्यालयांनी त्या नावाशिवाय असा प्रकल्प तपासायलाच घेऊ नये.