जुना वूफर : परीक्षा आणि जीर्णोद्धार

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. भाद्रपदात गणेशोत्सव जवळ आला, की ध्वनिवर्धकांच्या जुन्या पेट्या बाहेर निघतात आणि ‘आवाज फाटतो, आता जास्त वॅटची नवी पेटी घ्यावी’ असा विचार पुढे येतो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. पण वर्गणीचा पैसा लोकांचा असतो. म्हणून जुन्या वूफरची परीक्षा कशी करावी आणि त्यात कोणती सुधारणा करणे योग्य, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

खर्जाचे स्वर काढणाऱ्या मोठ्या ध्वनिवर्धकास वूफर म्हणतात. त्यात लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक वेटोळे असते व त्याला कागदी शंकू जोडलेला असतो. विद्युत्प्रवाहाबरोबर वेटोळे पुढेमागे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि ध्वनी उमटतो. चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. शंकूचा बाहेरचा काठ एका लवचिक कडेने चौकटीला जोडलेला असतो. आतल्या बाजूस वलयांची एक कापडी चकती वेटोळ्याला फटीच्या मध्यभागी धरून ठेवते. कारागीर तिला ‘स्पायडर’ म्हणतात.

यांतील सर्वच भाग सारखे म्हातारे होत नाहीत. ओतीव चौकट आणि चुंबक पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. फोमची कडा मात्र उष्ण व दमट हवेत दहा-वीस वर्षांत भुरभुरून जाते. लेप दिलेल्या कापडाची कडा तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. जुन्या अल्निको चुंबकाचे बळ जबर प्रवाहाने कमी होऊ शकते, पण त्याला पुन्हा चुंबकत्व देता येते. म्हणजे ‘वूफर जुना झाला’ हे वाक्य अपुरे आहे. त्याचा कोणता भाग जुना झाला, हा खरा प्रश्न होय.

पहिली परीक्षा डोळ्यांची. शंकू फाटला आहे काय, कडा सुटली आहे काय, हे पाहावे. दुसरी बोटांची. दोन्ही हातांची बोटे शंकूवर समोरासमोर ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबावा. खरखर ऐकू आली, तर वेटोळे फटीत घासते आहे असे समजावे. तिसरी मल्टीमीटरची. आठ ओहम लिहिलेल्या वूफरचा रोध मीटरवर सुमारे साडेपाच ते साडेसहा ओहम भरतो. काटा हललाच नाही, तर वेटोळे तुटले. चौथी दीड व्होल्टच्या सेलची. सेलचे धन टोक तांबड्या खुणेला क्षणभर लावले, की बहुतेक वूफरांचा शंकू पुढे येतो. जेबीएलच्या जुन्या वूफरांत मात्र तो मागे जातो. हे न पाहता दोन वूफर उलटसुलट जोडले, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्ज नाहीसा होतो. अशा वेळी दोष वूफरचा नसून जोडणाऱ्याचा असतो!

पाचवी परीक्षा अनुनादाची. प्रत्येक वूफरचा स्वतःचा एक स्वर असतो. वूफरबरोबर एक मोठा रोध एकसरीत जोडावा, वारंवारता हळूहळू बदलत न्यावी आणि वूफरवरील व्होल्टता कोठे सर्वाधिक होते ते पाहावे. तोच त्याचा स्वर. निर्मात्याने दिलेल्या आकड्याहून तो बराच वर गेला असेल, तर कडा वा स्पायडर ताठरला. खाली आला असेल, तर तो सैल पडला.

वूफरचा पेटीशी मेळ कसा घालावा, याचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढील दशकात ते विस्तारले. त्यातील मर्म गोमंतकातील घुमट पाहिला की कळते. त्या मातीच्या वाद्याचे एक तोंड चामड्याने मढवलेले व दुसरे उघडे असते. उघड्या तोंडावर हात कमी-जास्त धरून वादक नाद बदलतो. चामडे, पोकळी आणि उघडे तोंड या तिघांचा मिळून तो नाद असतो. छिद्र असलेल्या पेटीचेही तसेच आहे. वूफर बदलला आणि पेटी तीच ठेवली, तर तो मेळ बिघडू शकतो.

म्हणून सुधारणा करताना कडा, स्पायडर, वेटोळे वा शंकू बदलावा, पण नवा भाग मूळच्याच वजनाचा व लवचिकतेचा असावा. जड शंकू बसवल्यास स्वर खाली येतो खरा, पण तेवढ्याच विजेत आवाज कमी निघतो. येथेच वॅटचा भ्रम उघडा पडतो. वीज दुप्पट केली, तर ध्वनी फक्त तीन डेसिबलने वाढतो. एका वॅटला शंभर डेसिबल देणारा वूफर जे काम करतो, त्यासाठी नव्वद डेसिबलवाल्यास दहा वॅट लागतात! बहुतांश वीज तर ध्वनी न होता वेटोळ्याची उष्णताच होते. तेव्हा जुना, पण संवेदनक्षम वूफर भंगारात टाकून अधिक वॅटचा मंद वूफर आणणे हा तोट्याचा सौदा ठरू शकतो. चौकट वाकली असेल किंवा योग्य सुटे भागच मिळत नसतील, तर मात्र नवा घेणे बरे.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. वूफरचा शंकू बदलता येतो, कानाचा नाही. जीर्णोद्धार करायचा तो आरतीचे शब्द शेवटच्या रांगेतील आजीबाईंना स्पष्ट ऐकू यावेत म्हणून. शेजारच्या घरातील तान्हे मूल दचकून उठावे म्हणून नव्हे.