रेशमाची वैरीण

येवल्याच्या पैठणीचा रेशमी धागा आपण नित्य पाहतों. परंतु तो मागावर येण्यापूर्वींच त्यावर कोणतें संकट येतें, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

येथील विणकरांचें पुष्कळसें रेशीम कर्नाटकांतून येतें. तेथें १९८० सालीं पश्चिम बंगालमधून ‘उझी’ नांवाची माशी शिरली. ही माशी रेशमाच्या किड्याच्या अंगावर अंडें घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघून किड्याची त्वचा भेदते व आंत राहून त्याच्याच देहावर पोसते; बाहेर दिसतो तो केवळ एक काळा डाग. किडा लहान असल्यास कोष न करितांच मरतो. मोठ्यानें कोष केला, तरी अळी तो फोडून बाहेर पडते. अखंड कोषांतून सुमारें हजार मीटर सलग धागा निघतो. फुटका कोष उलगडतच नाहीं.

म्हणून किडे पाळण्याच्या खोलीस बारीक जाळी लावितात. दुसरा उपाय नवलाचा आहे: ‘नेसोलिंक्स थायमस’ हा चिमुकला कीटक उझीच्या कोशितावर अंडीं घालतो, आणि त्याच्या अळ्या तिलाच खाऊन टाकतात. परोपजीवीवरही परोपजीवी!

मागावर तुटलेला धागा विणकर सांधतो. फुटलेला कोष कोणासही सांधतां येत नाहीं. यास्तव पैठणीचें मोल करितांना दूरच्या त्या शेतकऱ्याची राखणही हिशेबांत धरावी, असें आम्हांस वाटतें.