पेटीतलं बाळ, बाकावरची आई

सकाळी बाळांची वजनं होतात, तेव्हा नवजात कक्षाबाहेरच्या बाकावर कुणी बोलत नाही. कशेळ्याकडची, खोपोलीच्या चाळीतली, खालापूरच्या एखाद्या वाडीवरची, अशा आया. सगळ्यांचे डोळे काचेवर. “सिस्टर, किती भरलं?” ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ पहिल्या आठवड्यात वजनाला उतरतंच. अंगातलं पाणी कमी होतं, दहा टक्के किंवा थोडं जास्तच. आम्हाला ते पाठ असतं. आईला वाटतं, आपल्या दुधात कस नाही. म्हणून मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते, “उद्या काटा खाली जाईल, घाबरायचं नाही.”

ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनचंही तसंच. बाळाच्या पायाला लाल दिव्याची पट्टी बांधलेली असते. बाळाने पाय झाडला, पट्टी सरकली, की मशीन बोंबलतं आणि आईच्या पोटात गोळा येतो. खालापूरकडच्या एका आईला मी पट्टी काढून, परत बांधून दाखवली. मग रात्री नव्या बाईला तीच सांगत होती, “आधी पाय बघ, मंग रड.”

वीटभट्टीवरून आलेली एक कातकरी मुलगी मात्र माझ्या मनातून जात नाही. तिला दूध उतरेना. सगळ्यांचे सल्ले एकच, हळीव खा, शेवग्याचा पाला खा. केसपेपरवर ‘दूध अपुरे’ एवढीच नोंद. रात्रपाळीला तिच्याजवळ बसले तेव्हा कळलं, थोरली पोर भट्टीवरच राहिली होती, विटांच्या थप्प्यांत. नवऱ्याने दिवाळीनंतर उचल घेतलेली, तो काम सोडून येणार कसा? मनाला घोर असला की स्तनात दूध असूनही पान्हा फुटत नाही, हे शरीराचंच गणित आहे. आम्ही फोन लावला. पोर आजीकडे पोचल्याचं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढच्या दोन दिवसांत वाटीचा तळ झाकेल एवढं दूध निघायला लागलं. बोंडल्याने पाजताना तिचे हात थरथरत होते.

घरच्यांना भेटायला येणंही सोपं नाही. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. कर्जतहून खोपोली, पेण करत जायचं. नेरळ-कर्जतची माणसं लोकलने उल्हासनगर, नाहीतर मुंबई जवळ करतात. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळाचे उपचार आणि रुग्णवाहिका मोफत आहेत, पण भेटायला येणाऱ्याचं भाडं आणि बुडालेली रोजी कोण देणार? म्हणून आई बाकावर एकटीच असते.

खरं तर तिची जागा बाकावर नाहीच. १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या डॉक्टरांनी बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडतात म्हणून बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला: एक ते १.८ किलोची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. त्यासाठी आईला आत, बाळाशेजारी खाट लागते. बहुतेक ठिकाणी तिला मिळते ती दुधाच्या वेळेपुरती खुर्ची.

सुट्टी मिळाली तरी घोर संपत नाही. “घरी मशीन नसणार, रात्री कळणार कसं?” हे मला कितीतरी जणींनी विचारलंय. आता घरी जाण्याआधी आम्ही बाळ आईच्या कुशीत देतो, यंत्र काढून, आम्ही हाकेच्या अंतरावर. श्वास कसा बघायचा, तळपाय गार लागले तर काय करायचं, सगळं तिच्याच हाताने करून घेतो. आशाताईंना आधी फोन करून ठेवतो. वाडीवर गेल्यावर पहिली ओळखीची हाक त्यांचीच असते.