आषाढात अडणारा खण

वेरूळच्या दहाव्या लेण्याला आपल्याकडे सुतार झोपडी म्हणतात. आत जाऊन वर पाहिलं की नावाचं कारण कळतं. छताला ओळीने वासे आहेत, अगदी लाकडी घराला असावेत तसे, आणि सगळे दगडात कोरलेले. स्तूपापुढे बसलेल्या बुद्धालाच विश्वकर्मा मानून सुतार इथे पूजेला येत असत.

त्याच जिल्ह्यात वाळूज आहे. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सुरू झाला आणि हा सगळा पट्टा लोखंडाच्या मोजमापात वाढला. इथला फिटर, टर्नर मायक्रॉनची भाषा बोलतो. अशा गावात मुलांना सुतारकाम शिकवायचं, तर पहिली अडचण हीच की लाकूड आज मोजलं तेवढंच उद्या राहत नाही.

आयटीआयमधला कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा, प्रवेशाला आठवी पास पुरते. देशात ही कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. त्याआधी हे शिक्षण बलुतेदाराच्या ओसरीवर होत असे, बापाची करवत धरता धरता. वर्कशॉपमध्ये सुरुवात अजूनही हाताच्या हत्यारांनीच व्हावी असं मला ठामपणे वाटतं. रंधा मारताना रेषा उलटी आली की पातं अडखळतं, पृष्ठभाग उचकटतो. ते मनगटाला कळतं, मशीनवर उभ्या असलेल्या पोराला कळत नाही. पटाशीला धार लावणं हाच खरा पहिला धडा, कारण बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि बोट तिथेच कापतं.

पण कपाट करणारा कारागीर कसा तयार होतो, हे पाहायचं तर खण पाहावा. खणाच्या कोपऱ्याला डव्हटेल सांधा लागतो, कबुतराच्या शेपटीसारखा पसरट. समोरून कितीही ओढा, तो निघत नाही. मऊ लाकडाला त्याचा उतार १:६ ठेवतात, सागवानासारख्या कठीण लाकडाला १:८. हे कागदावर सोपं आहे. खरी गोम वेगळी आहे. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेला खण आषाढात अडून बसतो. म्हणून चौकटीच्या दारात मधली फळी खाचेत मोकळी ठेवतात, तिला कडेने सरस किंवा फेविकॉल लावत नाहीत. लावलं, तर आकसताना ती मधोमध चिरते. जागा सोडायला शिकणं हे या कामातलं सर्वांत अवघड शिक्षण आहे.

आता बाजार प्लायवुडचा आहे. ८ बाय ४ फुटांचं शीट, १८ मिलिमीटर जाडी, पॅनल सॉवर कापायचं, कडेला पट्टी चिकटवायची, बिजागरीच्या कपासाठी ३५ मिलिमीटरचं भोक, फळीच्या भोकांमध्ये ३२ मिलिमीटरचं अंतर. प्लाय फारसं हलत नाही, त्यामुळे इथे वाळूजच्या पोराचा मायक्रॉनचा संस्कार कामी येतो. मॉड्युलर किचनला असेच हात हवेत, आणि ही रोजी कमी प्रतीची मुळीच नाही. परदेशी जाणाऱ्या यंत्रांच्या लाकडी पेट्यांनाही माणसं लागतात. ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलं, तर त्यातली कीड मरते. पण केवळ खिळे ठोकून कोणी कपाटाचा कारागीर होत नाही. वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेत घराचा सांगाडा, दारं-खिडक्या आणि कपाट या तीन वेगळ्या स्पर्धा आहेत, आणि आपण एका वर्षात तिन्ही उरकू पाहतो.

वर्ष वाढवता येत नसेल, तर निदान एवढं तरी करावं. विद्यार्थ्याने एप्रिलमध्ये केलेला खण वर्कशॉपमध्येच ठेवावा. आषाढात, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, त्यालाच तो उघडायला सांगावा. अडला, तर रंधा त्याच्याच हातात द्यावा.