पेव, बरणी आणि निर्वात पिशवी



या व्यासपीठावर वेदान्तावर, राज्यघटनेवर आणि अर्थकारणावर व्याख्याने झाली आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते डाळ, मसाला आणि मासळी ज्या पिशवीत भरून ठेवतात त्या पिशवीविषयी. आम्ही कामगार संघटनेत राबणारी माणसे; शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि फाटकसभांत. तेव्हा हा विषय आम्हांला कसा सुचला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेतील एक फिटर तीन महिन्यांच्या कंत्राटी कामावर दूरच्या प्रकल्पाकडे निघाला. घरात नव्यानेच ते यंत्र आले होते, पिशवीतली हवा ओढून तोंड बंद करणारे. बाजारात त्याला 'व्हॅक्यूम सीलर' म्हणतात. त्याच्या पत्नीने हौसेने मटणाचे सुके, हरभऱ्याची उसळ आणि घरचा मसाला अशा पिशव्या भरून दिल्या. "यात सहा महिने काही होत नाही," असे दुकानदाराने सांगितले होते. चौथ्या दिवशी आम्हांला फोन आला. "दादा, उसळीची पिशवी उशीसारखी फुगलीय. उकळून खाऊ का?" आम्ही म्हटले, "उसळ फेक आणि मटणही फेक." तो म्हणाला, "मटणाची तर फुगलेली नाही. त्यात दोन दिवसांची मजुरी आहे, दादा!"

त्याने आमचे ऐकले. पण का फेकायचे, हे त्या दिवशी आम्हांला नीट सांगता आले नाही, याची खंत राहिली. ती खंत दूर करण्यासाठी जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, त्याचा हा गोषवारा होय.

अन्नाचे चार शत्रू

अन्न बिघडते ते मुख्यतः चार कारणांनी. पहिले, सूक्ष्म जंतू आणि बुरशी, दुसरे, हवेतला प्राणवायू, ज्याच्यामुळे शेंगदाणे, खोबरे आणि तेलकट पदार्थ खवट होतात, तिसरे, ओलावा, आणि चौथे, किडे. हवेचा सुमारे एकवीस टक्के भाग प्राणवायूचा असतो. बुरशीला तो लागतो, किड्याला तो लागतो, खवटपणालाही तो लागतो. तेव्हा हवा काढली म्हणजे या तिघांची नाकेबंदी होते, हे खरे. परंतु ओलावा पिशवीत आतच राहतो. आणि जंतूंचे म्हणाल तर त्यांच्यातली एक जात अशी आहे की, हवा नसणे हेच तिच्या पथ्यावर पडते. दुकानदाराच्या वाक्यात नेमकी हीच गोष्ट गाळलेली होती.

हवा बंद करून धान्य राखण्याची विद्या आपल्याला नवी नाही. लोणच्यावर चार बोटे तेल तरंगत ठेवणारी आजी दुसरे काय करीत होती? आणि पेव तर आपल्या भाषेतच रुजलेले आहे. अरुंद तोंडाचे, रुंद पोटाचे जमिनीतले ते कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरला अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवीत आले. २००५ च्या महापुरात पाणी शिरल्याने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवाचे तोंड बंद केले की आतला माल आणि त्यातले किडे उरलेला प्राणवायू वापरून टाकतात, कर्बवायू साचतो आणि मग किडे जगत नाहीत. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. काही वेळ तोंड मोकळे ठेवायचे, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर आत माणूसही टिकणार नाही, हे कामकऱ्याला ठाऊक होते. हे ज्ञान पुस्तकातले नव्हते, जीव गमावून मिळालेले होते.

पण एक बाब ध्यानात ठेवा. पेवात जाई ते वाळलेले धान्य आणि वाळलेली हळकुंडे. शिजवलेली उसळ कोणी पेवात ठेवली नाही.

हवा की उष्णता?

फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होऊन गेला. विद्यापीठाचा नव्हे, भट्टीपुढे उभा राहणारा माणूस. त्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवल्या, आणि अन्न महिनोन् महिने टिकले. या शोधाबद्दल १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँकांचे बक्षीस दिले. आता गंमत पाहा. हवा बाहेर घालवल्यामुळे अन्न टिकले, अशीच त्या काळच्या जाणत्यांचीही समजूत होती. जंतूंचे खरे कारण लुई पाश्चरने १८६० च्या दशकात उलगडून दाखवले, तेव्हा कुठे कळले की, बाटलीतले अन्न राखले ते मुख्यतः उष्णतेने; बुचाने फक्त नवे जंतू आत येऊ दिले नाहीत.

आमच्या मते घरच्या यंत्राविषयीची निम्मी गैरसमजूत आपेरच्या काळातलीच आहे. हवा गेली म्हणजे अन्न निर्जंतुक झाले, असे आपण मानतो. तसे होत नाही. यंत्र जंतू मारीत नाही. ते केवळ हवा काढते.

१८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल या गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि ते आजारी पडले; त्यांतले तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून जो जंतू शोधून काढला, तो आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या नावाने ओळखला जातो. त्याचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंश सेल्सियसची वाफ लागते. हवा नाही, ओलावा आहे, आंबटपणा कमी आहे आणि जागा उबदार आहे, अशी चार सुखे एकत्र मिळाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाने नजर दुहेरी होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की, पिशवी फुगेलच किंवा वास येईलच असे नाही.

आमच्या फिटरच्या मटणाच्या पिशवीत ही चारही सुखे हजर होती. तिच्यात विष होते असे आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच नुसत्या डोळ्यांनी कळले नसते, आणि फेकायचे ते त्याचसाठी. जिच्यावर भरवसा ठेवता येत नाही अशा पिशवीवर दोन दिवसांची मजुरी वाचवायला जाऊ नये.

म्हणून पहिला नियम: ओला, शिजवलेला, कच्च्या मांसमासळीचा कोणताही पदार्थ हवा काढून भरला, तरी त्याची जागा शीतकपाटातच. जास्त दिवस ठेवायचा तर बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांवर. गोठवलेली मासळी वितळवताना पिशवीचे तोंड आधी कापावे, मग ती खालच्या थंड कप्प्यात ठेवावी. सोललेला कच्चा लसूण आणि अळंबी निर्वात पिशवीत घालूच नयेत. कोबी, फुलकोबीसारख्या भाज्या बंद पिशवीत वायू सोडतात; त्या उकळत्या पाण्यातून काढून, गार व कोरड्या करून मगच भराव्यात आणि गोठवाव्यात.

यंत्र कसे पारखावे

यंत्रे दोन जातींची. पहिल्या जातीत पिशवीचे फक्त तोंड यंत्रात धरतात आणि हवा तेवढी ओढून घेतली जाते. दुसऱ्या जातीत अख्खी पिशवी झाकणाच्या पेटीत ठेवतात आणि सगळ्या पेटीतली हवा काढतात. पेटीच्या यंत्रात पिशवीच्या आत व बाहेर दाब सारखाच कमी होतो, म्हणून रस्सा वर चढत नाही. तोंडाच्या यंत्रात रस्सा ओढला जातो, पंपात शिरतो आणि तोंडही चिकटत नाही. त्यासाठी रस्सा आधी डब्यात गोठवून, त्याची वडी पिशवीत भरावी. पेटीचे यंत्र जड असते आणि त्याची किंमत कित्येक पटींनी अधिक. घरासाठी पहिली जात पुरते. बचतगटाला किंवा खानावळीला दुसरी परवडेल.

यंत्रावर 'उणे ६०' किंवा 'उणे ८०' किलोपास्कल असे आकडे असतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे उणे ८० चे यंत्र सुमारे चार पंचमांश दाब उतरवते आणि उणे ६० चे तीन पंचमांश. पूर्ण निर्वात कोणतेच घरगुती यंत्र करीत नाही. हा दाब किती असतो याची कल्पना हवी असेल तर एक हिशेब करा: दर चौरस सेंटिमीटरला हवेचा भार सुमारे एक किलो. वीस बाय तीस सेंटिमीटरच्या पिशवीची एक बाजू सहाशे चौरस सेंटिमीटर. चार पंचमांश निर्वात केली तर एका बाजूवर पावणेपाचशे किलोंहून अधिक भार पडतो! म्हणूनच कुरडया आणि पापड यात घातले तर चुरा होतो. त्यांना पत्र्याचा डबाच बरा.

दुकानात यंत्र चालवून दाखवायला सांगा, आणि एका नव्हे, लागोपाठ पाच पिशव्या बंद करायला लावा. तापलेली तार थंड व्हायच्या आत दुसरी पिशवी घातली की हलक्या यंत्राचा सांधा वितळतो किंवा सुटतो. सांधा रुंद असावा. हवा न ओढता नुसते तोंड बंद करण्याची कळ वेगळी असावी. हाताने हवे तिथे थांबवता यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, झाकणाची मऊ पट्टी आणि तापणाऱ्या तारेवरची टेफ्लॉनची फीत सुटी मिळते काय, हे विचारा. झिजतात त्या याच दोन वस्तू. पट्टी न मिळाल्याने पाच हजारांचे यंत्र माळ्यावर पडलेले आम्ही पाहिले आहे.

पिशवीचे अंतरंग

यंत्र एकदा विकत घ्यायचे, पिशव्या कायम. म्हणून खरी पारख पिशवीची. साधी पॉलिथिनची पिशवी ओलावा अडवते, पण प्राणवायू तिच्यातून हळूहळू झिरपतो. म्हणून चांगली पिशवी थरांची असते: प्राणवायू अडवायला नायलॉन आणि तापवून चिकटायला आतून पॉलिथिन. तोंडाच्या यंत्राला एका बाजूने खडबडीत, नक्षीची पिशवी लागते. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही पदर हवा ओढताच एकमेकांना चिकटतात आणि आतली हवा अडकून पडते. पेटीच्या यंत्राला गुळगुळीत आणि स्वस्त पिशवी चालते. यंत्र स्वस्त आणि पिशवी महाग, की यंत्र महाग आणि पिशवी स्वस्त, हा हिशेब विकत घेण्यापूर्वीच करावा.

अन्नासाठी योग्य असल्याची नोंद वेष्टनावर पाहून घ्या. घरी आणल्यावर एक पिशवी रिकाम्या वाटीसह बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ती सैल झाली असेल तर सांधा किंवा पिशवी खोटी आहे. पाण्याखाली दाबून बुडबुडे कोठून येतात ते पाहिले की दोष सापडतो. दालचिनी, लवंग, हाडाचे तुकडे पिशवीला भोके पाडतात. ते कागदात गुंडाळावेत. मसाल्याची पूड आधी कागदी पुडीत बांधावी, नाहीतर ती पंपात जाते आणि सांध्यातही बसते. डाळीची किंवा धान्याची पिशवी धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते. कच्च्या मांसमासळीची मात्र एकदाच.

आणि वाळवणाला पर्याय नाही. धान्य दाताखाली कट् वाजेपर्यंत उन्हात घातल्याशिवाय पिशवीत भरू नये. कडधान्यात भुंग्याची अंडी शेतातूनच येतात. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी डाळ चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, बाहेर काढून तिला खोलीची ऊब येऊ द्यावी आणि मग हवा काढून भरावी.

घ्यावे की न घ्यावे

समजा, एक पिशवी दहा रुपयांना पडते आणि तिच्यात एक किलो डाळ राहते. म्हणजे डाळ किलोमागे दहा रुपयांनी महागली. घाऊक खरेदीत त्याहून जास्त वाचत असेल, किंवा दरवर्षी तेवढी डाळ किडत असेल, तरच हा व्यवहार आपला. नाहीतर तो दुकानदाराचा. ज्या घरी रोज ताजी भाजी येते आणि महिन्याचे वाणसामान महिन्यात संपते, त्या घराला घट्ट झाकणाचा डबा पुष्कळ. बर्फाचा मोठा कप्पा नाही तेथे यंत्राचा निम्मा उपयोग नाही. परंतु कोकणातल्या दमट पावसाळ्यात वर्षाची बेगमी करणारे घर, मासळी स्वस्त असताना घेऊन गोठवणारे घर, मसाले करून विकणाऱ्या बायकांचा गट, यांना ते उपयोगी आहे.

आमच्या चाळीत सहा घरांनी मिळून एक यंत्र घेतले. ते वर्षातून आठ-दहा दिवसच लागते. मग सहा घरांत सहा यंत्रे कशाला? पिशव्या घाऊक आणल्या, पट्टी आणि फीत जास्तीची घेऊन ठेवली, आणि यंत्रावर एक कागद चिकटवला: कोरडे असेल ते फळीवर, ओले असेल ते थंडीत, आणि प्रत्येक पिशवीवर तारीख. हे तीन नियम लिहिणारी आमच्या त्या फिटरचीच पत्नी. ती म्हणाली, "दादा, यंत्राबरोबर हे सांगायला कोणी नव्हते, म्हणून लिहिते."

आमचे म्हणणे एवढेच आहे. कष्टाच्या पैशातून यंत्र घरात यावे, त्यात काही गैर नाही. पण ते काय करते आणि काय करीत नाही, हे ज्ञानही त्याच्याबरोबर घरात आले पाहिजे. पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडणारा माणूस भित्रा नव्हता. तेवढी काळजी पिशवी उघडताना आपण घेऊ या.