हवा, हरळी आणि गोल्फचे मैदान

पहूर हे जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्याचे गाव. जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेली बस येथूनच पुढे जाते. भोवताली कपाशीची काळी जमीन, मे महिन्यात तिला पडलेल्या भेगा आणि दुपारी अंग भाजणारा वारा. शाळेच्या मैदानावर क्रिकेट, कबड्डी, खो-खो हे खेळ चालतात. गोल्फ हा खेळ मात्र येथील बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. मग पहूरच्या विद्यार्थ्याने गोल्फच्या मैदानाची चौकशी करावी तरी कशाला?

त्याचे कारण असे. क्रिकेटची खेळपट्टी जळगावात असो की लंडनमध्ये, ती २२ यार्डांचीच असते. कबड्डीचे मैदानही ठरलेल्या मापाचे असते. गोल्फचे मैदान मात्र कोणत्याही दोन गावांत सारखे नसते. नियमाने बांधलेला आहे तो चेंडू आणि शेवटचा खळगा. बाकी सारे त्या त्या ठिकाणची हवा, माती, गवत आणि पाणी ठरवतात. समजा, सुट्टीत एखादे कुटुंब विश्रामधामात राहायला जाणार आहे आणि तेथे गोल्फ खेळण्याची सोय आहे. काश्मिरातील गुलमर्ग, दक्षिण गोव्याचा किनारा की पुण्याजवळच्या टेकड्या? सगळ्यांच्या माहितीपत्रकांवर तेच हिरवेगार चित्र छापलेले असते. चित्रावरून निवड करायची नसेल, तर विज्ञानाची मदत घ्यावी लागेल.

खेळ थोडक्यात

गोल्फचा चेंडू व्यासाने कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर आणि वजनाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावा लागतो. हा लहानसा चेंडू काठीने टोलवत टोलवत दूरच्या एका खळग्यात पाडायचा. या खळग्याला 'होल' म्हणतात आणि त्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. पूर्ण मैदानात असे १८ होल असतात. ज्याला कमी टोले लागतात तो जिंकतो. खळग्याभोवतीचे गवत अगदी बारीक कापलेले असते. त्या भागाला 'ग्रीन' म्हणतात. आपण त्याला हिरवळ म्हणू.

आपल्या देशात हा खेळ जुना आहे. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत चेंबूरला १९२७ मध्ये क्लब निघाला. नाशिक शहरात क्रिकेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात.

हवा : शत्रू की मित्र?

फेकलेल्या वस्तूला हवा विरोध करते, हे आपण शिकतो. मग हवाच नसती तर गोल्फचा चेंडू अधिक दूर गेला असता का? हिशेब करून पाहू. निष्णात खेळाडूच्या टोल्याने चेंडू सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने आणि जमिनीशी साधारण ११ अंशांचा कोन करून सुटतो. निर्वात जागेत तो किती दूर पडेल, हे वेगाचा वर्ग, कोनाच्या दुपटीची ज्या आणि गुरुत्वीय त्वरण यांवरून काढता येते. उत्तर येते सुमारे २१५ मीटर. प्रत्यक्षात मात्र असा चेंडू सुमारे २५० मीटरवर जाऊन पडतो! विरोध करणाऱ्या हवेने उलट मदतच केली, ती कशी?

एडिंबरो विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता होता. तेव्हा प्रयोगाचे साहित्य घरातच होते म्हणा ना! टेट यांनी दाखवून दिले की, सारे रहस्य चेंडूच्या उलट्या फिरकीत आहे. काठीचा तिरपा चेहरा चेंडूवर आदळला की चेंडू पुढे जाताना मागच्या बाजूला गरगर फिरू लागतो. लांब टोल्यात ही फिरकी मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांची असते. चेंडूच्या माथ्यावरची हवा फिरकीबरोबर मागे ओढली जाते आणि चेंडूच्या पाठीमागे खाली ढकलली जाते. हवा खाली ढकलली की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार चेंडू वर उचलला जातो. यालाच 'मॅग्नस परिणाम' म्हणतात. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

चेंडूवर तीनशे ते पाचशे खळ्या असतात, त्याही उगाच नव्हेत. १८४८ नंतर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत चेंडू वापरात आले. खेळाडूंच्या लक्षात आले की, नव्या चेंडूपेक्षा टोले खाऊन ओरखडे पडलेला जुना चेंडू अधिक दूर जातो. गुळगुळीत चेंडूला चिकटलेला हवेचा पातळ थर लवकर सुटतो आणि मागे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. तो चेंडूला मागे खेचतो. खळ्यांमुळे त्या थरात खळबळ माजते, थर अधिक वेळ चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. तेवढीच ओढ कमी. खळ्या नसलेला चेंडू जवळजवळ निम्म्याच अंतरावर पडतो.

चंद्रावर हवाच नाही. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४ मोहिमेतील ॲलन शेपर्ड यांनी तेथे दोन चेंडू टोलवले. जाडजूड पोशाखामुळे एका हातानेच टोला मारावा लागला. पुढे छायाचित्रांच्या अभ्यासावरून असे दिसले की, दुसरा चेंडू सुमारे ३६ मीटरच गेला होता. तेथे खळ्यांचा आणि फिरकीचा काहीच उपयोग नव्हता. उपयोग होता तो एक-षष्ठांश गुरुत्वाकर्षणाचा.

उंची आणि उष्मा

आता निवडीकडे वळू. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकिनाऱ्यावरील हवेपेक्षा जवळजवळ २३ टक्के विरळ असते. म्हणून चेंडू २३ टक्के अधिक दूर जाईल का? नाही. हवा विरळ झाली की विरोध कमी होतो, पण चेंडूला उचलणारा जोरही कमी होतो. दोन्हींची वजाबाकी होऊन प्रत्यक्ष फायदा सुमारे दहा टक्क्यांचा होतो. शिवाय विरळ हवेत चेंडू बाजूला कमी वळतो. नवख्या खेळाडूचा वाकडा टोला तेथे थोडा कमी वाकडा जातो!

हवा केवळ उंचीनेच विरळ होते असे नाही. ती उष्णतेनेही प्रसरण पावते. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४५ अंशांवर गेले की, येथील हवेची घनता सुमारे १२०० मीटर उंचीवरील ७-८ अंशांच्या गारठ्यातील हवेइतकी उतरते. चेंडूच्या दृष्टीने खानदेशची दुपार म्हणजे डोंगरमाथ्यावरची पहाट! खेळाडूच्या दृष्टीने मात्र नव्हे.

आणखी एक गंमत. गोव्याची दमट हवा 'जड' वाटते; पण तापमान व दाब सारखे असतील तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पाण्याच्या रेणूचे वजन १८, तर हवेच्या रेणूंचे सरासरी वजन २९. जड रेणूंची जागा हलक्या रेणूंनी घेतली, मग हवा जड कशी होणार? किनाऱ्यावर खेळाडूला त्रास होतो तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा.

हिरवळ म्हणजे हरळी!

आता खाली गवताकडे पाहू. उष्ण देशांतील मैदानांवर जे गवत सर्वाधिक लावतात, त्याचे इंग्रजी नाव 'बर्म्युडा ग्रास'. ही परदेशी पाहुणी वाटते खरी. पण वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव आहे सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजेच आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा! खानदेशातील शेतकरी जी कुंद्यासारखीच त्रासदायक मानून खणून काढतो, तीच ही. जमिनीवर सरपटणारे आणि जमिनीखाली शिरणारे असे दोन्ही प्रकारचे खोड असल्याने ती कितीही कापली, तुडवली तरी पुन्हा फुटते. हिरवळीवर ती अवघी तीन ते पाच मिलिमीटर उंच ठेवतात.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने साध्या हरळीचा आफ्रिकेतील तिच्या एका बहिणीशी संकर करून बारीक पानांच्या जाती तयार केल्या. या संकरित हरळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. तुकडे लावूनच ती वाढवावी लागते. केळीलाही याच कारणाने बी नसते. तीही कंद किंवा ऊतिसंवर्धित रोपे लावूनच वाढवतात, हे जळगावच्या मुलांना सांगायला नको.

याच बर्टन यांचे आपल्यावर दुसरेही ऋण आहे. त्यांनी बाजरीचा 'टिफ्ट २३ ए' हा नरवंध्य वाण तयार केला. त्याचा उपयोग करून लुधियाना येथे भारतातील पहिली संकरित बाजरी घडवली गेली आणि १९६५ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. गोल्फची हिरवळ आणि बाजरीची भाकरी यांचे धागे असे एकाच प्रयोगशेतात गुंतलेले आहेत.

मातीचा प्रश्न मात्र अवघड आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. चेंडू नीट घरंगळायला सपाट आणि निचऱ्याची जमीन हवी. म्हणून चांगल्या हिरवळीखाली सुमारे १० सेंटीमीटर बारीक खडी आणि तिच्यावर सुमारे ३० सेंटीमीटर वाळूचा थर घालतात. पावसाचे जादा पाणी वाळूतून झिरपून निघून जाते. पावसाळ्यानंतर सुट्टीला जाणार असाल, तर हिरवळ कशावर बांधली आहे ही चौकशी महत्त्वाची.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी दिले, तर किती लिटर लागेल? दहा हजार चौरस मीटर गुणिले एक लिटर, म्हणजे १०,००० लिटर. कडक उन्हाळ्यात गवतातून आणि जमिनीतून रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरू. ते भरून काढायला हेक्टरी रोज ५०,००० लिटर लागतील. १८ होलांच्या मैदानात ३० हेक्टर गवताला पाणी द्यावे लागते असे धरले, तर रोजचा खर्च होतो १५ लाख लिटर.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई रोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरवले आहे. १५ लाखांना ५५ ने भागा. उत्तर येते सुमारे २७,०००. म्हणजे एका मैदानाचे एका दिवसाचे पाणी २७ हजार माणसांना एक दिवस पुरेल! मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या गावाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग गोल्फ खेळूच नये का? तसे नाही. हा खेळ जन्मला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत. तेथे गवताला पाऊस पाणी देई आणि मेंढ्या ते कापत. जशी जमीन, तसा खेळ, ही मूळ रीत. भारतातही कोरड्या भागांतील लहान क्लबांनी हीच युक्ती केली. हिरवळीऐवजी ते खळग्याभोवती तेल मिसळलेली वाळू पसरत आणि ती फळीने सारखी करत. अशा जागेला 'ग्रीन' ऐवजी 'ब्राऊन' म्हणत. तेल जमिनीत मुरते हा त्यातील दोष. पण पाणी जवळजवळ लागतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे गावाचे सांडपाणी शुद्ध करून तेच गवताला देणे. तिसरा मार्ग असा की, चेंडू जेथे क्वचितच जातो, तेथे स्थानिक गवत वाढू द्यायचे आणि उन्हाळ्यात ते पिवळे पडले तरी पडू द्यायचे. १८ ऐवजी ९ होलांचे मैदान केले, तर पाणी सरळ निम्मे.

करून पाहा

हिरवळीचा 'वेग' मोजण्याचे एक साधे साधन एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये तयार केले. तसेच साधन शाळेत करता येते. ९० सेंटीमीटर लांबीचा बांबू किंवा प्लॅस्टिकचा नळ उभा चिरून पन्हळ करा. जमिनीला टेकणाऱ्या टोकापासून ७५ सेंटीमीटरवर खूण करा. पन्हळ अशी तिरपी धरा की, खूण जमिनीपासून २६ सेंटीमीटर उंच राहील. हा कोन सुमारे २० अंशांचा होतो. खुणेवरून चेंडू न ढकलता सोडा आणि पन्हळीच्या टोकापासून तो किती दूर जातो ते मोजा. तीन वेळा एका दिशेने, तीन वेळा उलट दिशेने करा आणि सरासरी काढा. जमिनीला थोडा उतार असला तरी यामुळे चूक कमी होते.

हा प्रयोग सारवलेल्या अंगणात, नदीच्या वाळूत, हरळीवर आणि शाळेच्या फरशीवर करा. २६ ला सेंटीमीटरमधील अंतराने भागले की त्या पृष्ठभागाच्या विरोधाचा अंदाज मिळतो. अंतर २६० सेंटीमीटर आले तर विरोध ०.१. सकाळी दव असताना आणि दुपारी ऊन असताना एकाच हरळीवर उत्तर का बदलते, याचा वर्गात विचार करा.

तर निवड कशी करायची? नवखा खेळाडू असेल तर मैदानाचे 'स्लोप रेटिंग' विचारावे. हा आकडा ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हे मध्यम मानतात. आकडा जितका लहान, तितके मैदान नवख्याला सोपे. लांब टोल्यांची हौस असेल तर उंचावरचे मैदान बरे, वाऱ्याशी झुंजायचे असेल तर किनाऱ्यावरचे. पण पैसे भरण्यापूर्वी आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : "या गवताला मे महिन्यात पाणी कोठून येते?" ज्या मैदानाच्या व्यवस्थापकाला या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते, ते मैदान निवडायला हरकत नाही.